एक्केचाळीस थेंब

पद्माकर नाखव्याने खिशातून चमचा काढला आणि कामाच्या टेबलावर टाकला.

“हा घे, भालू. सकाळपासून दीडशे वेळा फेकला. अख्खी वरात नाचते आणि हा मेला नवरीच्या बापासारखा खाली मान घालून सरळ चालतो.”

मला हसू आलं. भालूकाकांना आलं नाही. त्यांनी चमचा उचलला, दाराच्या उजेडात धरला, पालथा केला, पोटावरून अंगठा फिरवला.

“दोरी जाड लावलीस का?”

“दोरी तीच, रॉड तोच, खडक तोच, मी पण तोच. गेल्या वर्षीचा तुझा चमचा लावला तर तिसऱ्या फेकीला तांबोशी गळाला.” नाखवा दाराशी गेला आणि चपला घालता घालता म्हणाला, “पेणचे ते डॉक्टर पण म्हणत होते. त्यांना वाटलं, तू हल्ली दुसऱ्या कुणाकडून करून घेतोस.”

तो सहज बोलून गेला. मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे गेला तरी काका तसेच उभे होते. मग त्यांनी चमचा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात डोळ्यांसमोर आडवा धरून बघत राहिले, जणू तो कुणाचा तरी त्यांच्याकडे ठेवायला दिलेला होता.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते.

चमचा म्हणजे जेवणाचा नव्हे. बोटभर लांबीचा पितळेचा पत्रा, आंब्याच्या पानासारखा कापलेला आणि हातोड्याने ठोकून मध्ये पोट काढलेला. एका टोकाला दोरी, दुसऱ्या टोकाला गळ. पाण्यातून ओढला की तो डावीउजवीकडे डोलतो, चमकतो, आणि जिताड्याला वाटतं की एखादी जखमी मासोळी चालली आहे. सगळी करामत त्या डोलण्यात. पोट उथळ असेल तर चमचा सरळ येतो आणि मासा त्याच्याकडे बघतही नाही.

भालचंद्र पांचाळ रेवदंड्यात आमच्या शेजारी राहतात. चाळीस वर्षं ते असे चमचे ठोकत होते. आधी पडवीत, मग टेम्पो विकल्यावर रिकाम्या झालेल्या गॅरेजात. अलिबागपासून मुरुडपर्यंत गळाने मासे धरणारा प्रत्येक माणूस एकच सांगायचा की भालूचा हात वयाबरोबर पिकत गेला. तिशीत त्यांनी केलेले चमचे चांगले, चाळिशीतले त्याहून चांगले, आणि पन्नाशीतले तर असे की मासा खाडीच्या पलीकडच्या काठावरून निघतो.

मी त्या जूनमध्ये भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. संशोधनाच्या प्रवेशाची मुलाखत दिली होती आणि निकालाची वाट बघत घरी बसले होते. पितळेचा वाकडा तुकडा पाण्यात डोलतो का, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर मी रोज गॅरेजात जायला लागले.

“डोलतो का, ते तू विचारतेस,” काका म्हणाले होते. “मासा विचारत नाही. म्हणून तो सापडतो.”

पण त्यांनी मला हाकललं नाही. मी भोकं पाडायची, कड्या बसवायची, व्हर्नियरने मापं घ्यायची, डब्यांवर नावं चिकटवायची. खंडेनवमीला काका तीन दिवस बहिणीकडे पनवेलला गेले होते, तेव्हा मी सगळी हत्यारं काढली. कानशी, पकडी, कात्र्या, शिकंजा, ऐरण, सगळं घासूनपुसून लख्ख केलं, तेल लावलं, मांडून झेंडूची फुलं वाहिली. दसऱ्याला सकाळी काका आले आणि दारातच थांबले. “अगं, हे गॅरेज आहे की शोरूम!” म्हणाले. आधी हत्यारांना हात जोडले, मग मला. मला फार आनंद झाला होता.

नाखवा गेला त्या दुपारी काका टेबलाशी बसले आणि म्हणाले, “केतकी, दार लोटून घे.”

मी दार लोटलं.

“माझे बाबा होड्या बांधायचे. एकसष्टाव्या वर्षी त्यांचा रंधा तिरका जायला लागला. ते म्हणायचे लाकूड खराब, पातं खराब. वर्षभराने हाताला कंप सुटला. म्हणजे बघ, लाकडाला एक वर्ष आधी कळलं होतं.” त्यांनी तो चमचा माझ्याकडे सरकवला. “मला पुढच्या महिन्यात एकसष्ट पुरी होतात.”

“काका, एका चमच्यावरून—”

“अकरा. दसऱ्यापासून अकरा केले. एकही नाचला नाही. जोर लावून ठोकले तर दोन फाटले. माझ्या हातून पत्रा फाटला, केतकी. चाळीस वर्षांत फाटला नव्हता.”

नुसता धीर देणं मला जमत नाही, तेव्हाही जमत नव्हतं.

“त्रिपुरी पौर्णिमेला उधाण आहे,” काका म्हणाले. “त्या दिवशी नाखव्याला एक चमचा देणार. नाचला तर नाचला. नाही तर हातोडा त्या वरच्या फळीवर, कायमचा. लोक दुसऱ्याचं काम म्हणायला लागले की उठावं. आणि हे काकूला सांगायचं नाही.”

संध्याकाळी मी दळणाचा डबा द्यायला गेले तर इंदूकाकूंनीच विचारलं, “हात हात करतायत ना?”

“कोण?”

“कोण म्हणे! परवा ताकाचा पेला उजव्या हातात धरून खिडकीत उभे होते. पाच मिनिटं. मला वाटलं सूर्याला नैवेद्य दाखवतायत.” त्या हसल्या, पण डब्याचं झाकण लावताना त्यांची बोटं जरा घाईत होती. “तुझ्या त्या मोजमापातून काही निघतं का बघ गो. देवाला मी सांगितलंय, पण तो काही मोजत नाही.”

म्हणून मी कागद घेऊन बसले. बिघाड झाला की काय काय बदललं याची यादी करायची, हे आम्हाला प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. मी लिहिलं: पत्रा. तापवणं. हातोडा. हात.

पत्रा त्याच दुकानातला होता. व्हर्नियरने मोजला, एक मिलिमीटरच, जुनाही तेवढाच. पितळ मऊ करायला काका ते तापवतात, ते त्याच स्टोव्हवर, त्याच रंगापर्यंत. गोल तोंडाचा हातोडा तोच, त्याचा दांडाही तोच. उरला हात.

दुसऱ्या दिवशी मी आलेखाच्या कागदावर फुली काढली, वर कार्बन पेपर ठेवला आणि दोन्ही ऐरणीवर चिकटवलं.

“हे काय आता?”

“तुम्ही तीस घाव मारा. फुलीवर. चमच्यावर मारता तसेच.”

“परीक्षा घेतेस माझी?”

“हो.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, हातोडा उचलला आणि एका लयीत तीस घाव मारले. मी कार्बन उचलला. सगळे ठिपके चार मिलिमीटरच्या वर्तुळात होते. दुसऱ्या कागदावर मी स्वतः तीस घाव मारले. माझे ठिपके पसरले होते एकोणीस मिलिमीटरमध्ये, आणि दोन कागदाबाहेरच.

“काका, हा हात बिघडलेला नाही,” मी म्हणाले. “हे बघा. याहून सरळ हात मी पाहिला नाही.”

“कागदाचं कागदापाशी. चमचा कागदाचा असतो का?”

“पण हात तर तोच आहे ना?”

“मग चमचा का नाही नाचत? सांग. तू शिकलेली आहेस, सांग.”

काकांनी माझा कागद उचलला आणि बघितला. “हे कुणी मारलेत? तू? अरे देवा. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला सांगावं लागेल, हिच्या हातात लाटणं देऊ नका.”

कितीतरी दिवसांनी ते काही तरी वेडंवाकडं बोलले, म्हणून मला बरं वाटलं. पण त्यांनी हातोडा ठेवला तो अजूनही जपून, दुखऱ्या जागेला हात लावल्यासारखा.

पौर्णिमेला आठ दिवस होते.

चमचे का नाचत नाहीत ते कळत नसेल, तर आधी नाचणारे चमचे नीट बघावेत. मी नाखव्याच्या घरी गेले. ओटीवर तो जाळं विणत बसला होता. दोरी दातात धरून म्हणाला, “भालूने पाठवलं?”

“नाही. मीच आले. काकांचे जुने चमचे आहेत का तुमच्याकडे?”

“जुने म्हणजे? माझ्या बापाचे पण आहेत.” त्याने आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. “हा बघ, हा भालूने माझ्या हळदीला दिला. तीस वर्षं झाली. हा पोरीच्या बारशाचा, वीस. हा घर बांधलं तेव्हाचा, दहा वर्षं धर. आणि हा गेल्या वर्षीचा, ज्याला परवा तांबोशी लागली. हा बापाचा, पहिलाच. भालू तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता.”

“तुम्ही सगळे जपून ठेवलेत?”

“मासा देणारी वस्तू कोण टाकतो? बायको म्हणते, आपल्या लग्नाचा फोटो कुठाय ते माहीत नाय, पण चमचे तारखेनिशी हायत.”

“खरंच ना!” आतून आवाज आला.

पाचही चमचे एकाच मापाचे होते. काका कायम तीच लांबी-रुंदी कापायचे. फरक असला तर फक्त पोटात. पोट किती खोल ते पट्टीने मोजणं अवघड, म्हणून मी सोपा मार्ग काढला. घरी डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली होती. चमचा सपाट टेबलावर उताणा ठेवायचा आणि बाटलीने त्यात पाण्याचे थेंब मोजत सोडायचे, काठावरून सांडेपर्यंत.

नाखव्याच्या बापाचा, चाळीस वर्षांपूर्वीचा चमचा: सतरा थेंब.

हळदीचा: तेवीस.

बारशाचा: एकोणतीस.

घर बांधलं तेव्हाचा: पस्तीस.

गेल्या वर्षीचा: एक्केचाळीस.

मी प्रत्येक चमचा तीनदा मोजला. एखाद्या थेंबाचा फरक पडायचा, जास्त नाही. आलेखावर पाच बिंदू मांडले आणि पट्टी लावली. पाचही बिंदू पट्टीच्या धारेवर येऊन बसले. दहा वर्षांत सहा थेंब, पुढच्या दहा वर्षांत सहा थेंब. मी शास्त्र शिकलेली आहे, सरळ रेघ दिसली की मला आनंद व्हायला हवा. त्या रेघेची मला भीती वाटली. माणसाचा हात असा पिकत नाही. तो मध्येच झेप घेतो, मध्येच आळसावतो, एखाद्या वर्षी आजारी पडतो. सरळ रेघेत झिजतात त्या वस्तू.

मग मी परवाचा चमचा घेतला, वरातीतल्या नवरीच्या बापासारखा चालणारा. थेंब सोडायला लागले. पंधरा. सोळा. सतरा. सांडलं.

दसऱ्यानंतरचे उरलेले आठही मोजले. सतरा, सतरा, अठरा, सतरा.

म्हणजे हात म्हातारा झाला नव्हता. काहीतरी चाळीस वर्षांनी तरुण झालं होतं. एका दिवसात. दसऱ्याच्या आसपास.

मला उत्तर कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि हातात थेंबांची बाटली होती. ती मी खाली ठेवली.

काकांची ऐरण म्हणजे जुन्या गलबताच्या नांगराचा फाळ. त्यांना तो विशीत रेतीत सापडला होता. जुनं, मऊ जातीचं लोखंड. खंडेनवमीला मी तो बघितला तेव्हा त्याच्या मधोमध एक खळगा होता, गुळगुळीत, बशीसारखा. मला वाटलं, झिजली बिचारी. पुस्तकात ऐरण सपाट असते. मी ग्राइंडर लावला, दोन दुपारी घालवल्या, तीन चकत्या संपवल्या आणि पट्टी आडवी ठेवून खालून उजेड येत नाही इतकी ती सपाट केली. त्या गॅरेजातली प्रत्येक गोष्ट मी मोजली होती. तो खळगा तेवढा मोजला नव्हता. आणि माझ्या यादीत ऐरण नव्हतीच, कारण ती तर मी दुरुस्त केली होती. आपण दुरुस्त केलेली गोष्ट संशयितांत कोण धरतं?

चाळीस वर्षं काका पत्रा त्याच जागी ठेवत होते. खळगा दर वर्षी केसभर खोल होत होता आणि चमच्याचं पोट त्याच्याबरोबर. काकांना ते कधी दिसलं नाही. रोज बघणाऱ्याला मूल वाढलेलं दिसत नाही, तसं. म्हणून दसऱ्याला ऐरण सपाट झालेली दिसली तरी तिचा चमच्यांशी संबंध असेल हे त्यांनाही सुचलं नाही.

आता सांगायला हवं होतं, आणि सांगण्यात दोन गोष्टी होत्या. पहिली सोपी, की ऐरण मी बिघडवली. ओरडा खाल्ला की ती संपली असती. दुसरी अवघड होती. काकांचा हात शाबूत आहे हे सिद्ध करायचं, तर त्याच पुराव्याने हेही सिद्ध होत होतं की चमचे पिकत गेले ते हातामुळे नाही, खळग्यामुळे. किनाऱ्यावर चाळीस वर्षं ज्या हाताचं नाव होतं, ते मी दोन आकड्यांत काढून घेणार होते.

मी रात्रभर काही तळमळत बसले नाही. दहा मिनिटं बसले. मग आलेखाचा कागद घेतला आणि शेजारी गेले. काकू भाजी निवडत होत्या, काका झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, थेंबांपासून ग्राइंडरपर्यंत, एकही आकडा न गाळता.

काकांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

“म्हणजे हात बरा आहे?”

“हो. कागदावर आहेच. चार मिलिमीटर.”

“कंप नाही?”

“नाही.”

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की झोपाळा हलला. तोंडावर हसू यायला लागलं होतं. ते अर्ध्यावर थांबलं. मी ज्याची वाट बघत होते, ते त्यांना कळलं.

“आणि नाचायचे ते खळग्यामुळे.”

“हो.”

“माझ्यामुळे नाही.”

मी आलेखाचा कागद पुढे धरला. खोटं बोलायचं नव्हतं.

“चाळीस वर्षं,” काका म्हणाले. “लोक म्हणायचे हात. मीही म्हणायचो. बाबांना मरताना सांगितलं होतं मी, की तुमचा नाही चालला, माझा चालतोय.” ते उठले, चपला घालायला लागले. मग चपलाही राहू दिल्या आणि तसेच दारात उभे राहिले. “नांगराचा तुकडा. तो कुणालाही सापडला असता.”

काकूंनी चवळीच्या शेंगेचा देठ तोडला.

“आणि तो खळगा काय उंदरांनी पाडला?”

काका वळले.

“नाही, विचारते मी. चाळीस वर्षं ठणठण ऐकतेय. दुपारची झोप नाही की रेडिओ नाही. त्या ऐरणीवर दुसरं कोण मारत होतं? शेजारची म्हैस?”

“अगं, ती काय म्हणतेय ते तुला—”

“मला सगळं कळलं. ती म्हणतेय, एक खळगा होता, बशीसारखा, मधोमध. हिने तीस घाव मारले तर दोन कागदाबाहेर गेले, तुम्हीच सांगून हसत होता. हिने चाळीस वर्षं मारले असते तर खळगा पडला असता का? सगळी ऐरणच बसली असती.” त्यांनी परात उचलली. “तुमचा हात इकडेतिकडे गेला नाही म्हणून लोखंड एका जागी खचलं. आता चपला घाला नाही तर आत या. दारात उभं राहू नका, डास येतात.”

मी आलेखाकडे बघत होते. पाच बिंदू आणि सरळ रेघ. मी तिच्याकडे बघून म्हटलं होतं की वस्तूच अशा झिजतात, माणूस नाही. वस्तू आपोआप सरळ रेघेत झिजत नाही हे मला सुचलं नव्हतं. रोज तेवढेच घाव, त्याच जागी, त्याच जोराने, चाळीस वर्षं पडावे लागतात. एम.एस्सी. मी झाले होते आणि निष्कर्ष काढला इंदूकाकूंनी, भाजी निवडता निवडता.

काका आत आले. माझ्या हातातून कागद घेतला, खिडकीशी नेला.

“पौर्णिमेला किती दिवस आहेत?”

“पाच.”

“चाळीस वर्षांचं काम आहे.”

“मी ग्राइंडरने खळगा करून देते,” मी म्हणाले. “माप आहे माझ्याकडे. अगदी तंतोतंत—”

“तू आणि तुझा ग्राइंडर,” काका म्हणाले, “दोघंही माझ्या ऐरणीपासून दहा फूट लांब राहा.”

त्यांनी गॅरेजमागे वडिलांचा भाता उकरून काढला, ज्यावर पूर्वी होड्यांचे खिळे व्हायचे. चामडं उंदरांनी खाल्लं होतं, म्हणून मी जुना पंखा जोडून हवेची सोय केली. तेवढं मला करू दिलं. करवंट्यांचा कोळसा पेटवला. दोन तासांनी नांगराचा फाळ संध्याकाळच्या सूर्यासारखा लाल झाला. मोठ्या सांडशीने आम्ही दोघांनी तो ओंडक्यावर ठेवला. गार लोखंडाला चाळीस वर्षं लागतात, लाल लोखंड माणसाचं लगेच ऐकतं. काकांनी शर्ट काढून ठेवला, मोठा गोल हातोडा घेतला आणि मारायला लागले.

मी घाव मोजत होते, पण मध्येच मोजायचं सोडून बघत राहिले. हातोडा वर जाताना निवांत जायचा आणि खाली येताना जागा माहीत असल्यासारखा यायचा.

ऐरण गार झाल्यावर त्यांनी एक चमचा ठोकला. मी थेंब सोडले.

“एकतीस.”

“दहा वर्षं उरली, नाही?”

“सोळा-सतरा.”

पुन्हा कोळसा, पुन्हा लाल, पुन्हा घाव. तिसऱ्या दिवशी दुपारी चमच्यात एक्केचाळीस थेंब मावले आणि मी ओरडले, “झालं! थांबा आता. गेल्या वर्षीएवढं झालं.”

काकांनी कपाळाचा घाम पुसला. “तुझी ती रेघ पुढे नेली तर? पाच वर्षांनी किती असते?”

मी मनातल्या मनात रेघ वाढवली. “चव्वेचाळीस.”

“मग पेटव परत.”

“काका, पोट जास्त झालं तर चमचा डोलायचा सोडून गरगर फिरेल. दोरीला पीळ पडेल.”

“चव्वेचाळीसला फिरेल?”

“ते माहीत नाही.”

“मला माहीत आहे,” काका म्हणाले. “पाच वर्षांनी मी तो करणारच होतो.”

त्रिपुरीच्या दिवशी भरती दुपारी बाराच्या सुमाराला होती. दहा वाजता आम्ही खाडीच्या तोंडाशी खडकांवर पोचलो. पाणी चढत होतं, कडेला फेस जमत होता. नाखवा आधीच आला होता, आणि पेणचे डॉक्टरही. त्यांना कुणी सांगितलं माहीत नाही. काकूही आल्या होत्या, डबा घेऊन. म्हणाल्या, उन्हं खायला आले.

काकांनी खिशातून कागदाची पुडी काढून नाखव्याला दिली. नाखव्याने चमचा हातात तोलला, पोटावर अंगठा फिरवला आणि भुवया वर केल्या. दोरीला बांधला, मागे झुकला आणि फेकला.

तो गुंडाळायला लागला तेव्हा मी पाण्याकडे पाहिलं नाही. रॉडच्या टोकाकडे पाहिलं. चमचा डोलत असेल तर टोक थरथरतं. सरळ येत असेल तर टोक नुसतं वाकतं. फिरत असेल तर टोक गप्प असतं आणि दोरीला गाठी पडतात.

टोक थरथरत होतं. एका लयीत, सेकंदाला तीन-चार वेळा, बारीक आणि न थांबता.

“आयला,” नाखवा हळूच म्हणाला. “हा तर नवरदेवाचा दोस्त आहे.”

चौथ्या फेकीला टोक एकदम खाली गेलं. नाखव्याच्या पायाखालचा खडक ओला होता, तो घसरता घसरता वाचला, डॉक्टरांनी मागून त्याचा पट्टा धरला. पंधरा मिनिटं सगळे एकदमच ओरडत होते. “ढील दे!” “नको देऊ!” “डावीकडे ये!” शेवटी हातभर लांबीचा जिताडा खडकावर येऊन आपटला, लाल डोळ्यांचा, आणि त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात काकांचा चमचा लखलखत होता.

नाखव्याने आधी चमचा सोडवला, मग माशाकडे बघितलं.

“भालू, हात परत आला तुझा!”

“गेला कुठे होता?” काका म्हणाले. “ऐरण बिघडली होती.”

“ऐरण? ती कशी बिघडेल?”

मी तोंड उघडणार, इतक्यात काका म्हणाले, “दसऱ्याला घासली मी. ग्राइंडर लावून चांगली सपाट केली. साठीत बुद्धी नाठी म्हणतात ना, तसं.”

डॉक्टर मोठ्याने हसले. नाखव्याने कपाळावर हात मारला. “चाळीस वर्षांची ऐरण? ग्राइंडर लावून? अरे गाढवा! उद्या तुळशीचं खोड तासून सरळ करशील!”

“करेन,” काका म्हणाले. त्यांना शिव्या खाताना मजा येत होती.

चुकीची नोंद मला बघवत नाही. “नाखवाकाका, ऐरण त्यांनी नाही घासली,” मी मोठ्याने म्हणाले. “मी घासली. दोन दुपारी लागल्या. तीन चकत्या.”

नाखव्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

“बघ रे भालू. तुझ्यासाठी पोरगी पाप अंगावर घेते. सायन्स शिकलेली मुलगी असला मूर्खपणा करील का? काय तरी बोलते.”

“खरंच मी—”

“असू दे गो,” डॉक्टर म्हणाले. “समजलं आम्हाला. काकांवर जीव आहे तुझा.”

मी काकूंकडे पाहिलं. त्या डबा उघडून मुंग्या हाकलत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मी काकांकडे पाहिलं. काका नाखव्याकडून रॉड घेऊन दोरी तपासत होते, पीळ पडलाय का बघत होते. नव्हता पडला.

“काका, सांगा ना त्यांना.”

भालूकाकांनी पाय रोवले, रॉड मागे नेला आणि उजव्या हाताने चमचा असा लांब फेकला की तो कुठे पडला ते मला दिसलंच नाही.

“मी कशाला सांगू?” ते पाण्याकडे बघत म्हणाले. “तू सिद्ध कर.”